पराभवापेक्षा जड प्रश्न : बेंगळुरू एफसीच्या समर्थकाने दाद कुणाकडे मागायची?

यशवंतपूर (बेंगळुरू) : संघ हरला की समर्थक नाराज होतो, ही खेळाइतकीच जुनी गोष्ट आहे. मात्र 4 ऑगस्ट 2025 रोजी बेंगळुरू एफसीने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात कोणत्याही पराभवाचा उल्लेख नव्हता. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) आगामी हंगामाविषयी अनिश्चितता असल्याने मुख्य संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित करण्यात येत आहे, एवढाच त्याचा आशय होता. युवा संघांचे वेतन आणि क्लबच्या फुटबॉल शाळा यांना या निर्णयातून वगळण्यात आले होते. हाच संघ चार महिन्यांपूर्वी, 12 एप्रिल रोजी, कोलकात्यात लीगचा अंतिम सामना खेळला होता.

या क्लबच्या समर्थकाची आजची अस्वस्थता समजून घ्यायची असेल, तर केवळ गुणतालिका पाहून चालणार नाही. संघ का हरला, असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर मैदानावर शोधता येते. क्लब कोणत्या दिशेने चालला आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणी दडलेले आहे : संघ बांधणाऱ्यांकडे, क्लबच्या मालकांकडे आणि लीगचे हक्क ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याकडे. समर्थकाला दिसते ते केवळ पहिले ठिकाण. निर्णायक ठरते ते बहुधा तिसरे. आणि तिन्ही ठिकाणी त्याच्यासाठी खुर्ची नाही.

उंचावलेली अपेक्षा

बेंगळुरू शहराला फुटबॉल नवा नाही. तत्कालीन म्हैसूर राज्याने 1946 साली संतोष करंडक जिंकला होता आणि त्यानंतरही तीन वेळा तो पटकावला. कर्नाटक या नावाने मात्र राज्याला तो मार्च 2023 मध्ये रियाध येथील अंतिम सामन्यात मिळाला. शहरातील फुटबॉल दीर्घकाळ सार्वजनिक उद्योगांच्या आश्रयाने चालला. एचएएल आणि आयटीआय ही नावे जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी आजही आहेत. उद्योगांचा तो आश्रय आटत गेला आणि देशपातळीवर खेळणारा संघ शहरात उरला नाही.

ही पोकळी 2013 साली जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने भरून काढली. बेंगळुरू एफसीची स्थापना झाली आणि पदार्पणाच्या हंगामातच, एप्रिल 2014 मध्ये, मडगावच्या फातोर्डा मैदानावर डेंपो संघाला 4-2 असे नमवून क्लबने आय-लीगचे विजेतेपद निश्चित केले. 2015-16 मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. 2015 आणि 2017 साली फेडरेशन करंडक आला. नोव्हेंबर 2016 मध्ये क्लब एएफसी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. अशी मजल मारणारा तो पहिला भारतीय क्लब होता. दोहा येथील त्या सामन्यात इराकच्या वायुदल क्लबकडून 0-1 असा पराभव झाला, तरी त्या प्रवासाने क्लबला देशभर ओळख मिळवून दिली.

2017 साली क्लबने आयएसएलमध्ये प्रवेश केला. पहिल्याच हंगामात साखळीत 40 गुणांसह, दुसऱ्या क्रमांकाहून आठ गुणांनी पुढे राहून अव्वल स्थान मिळवले. पण घरच्या मैदानावर झालेला अंतिम सामना चेन्नईयिनविरुद्ध 2-3 असा गमावला. पुढच्या वर्षी, 17 मार्च 2019 रोजी, मुंबईत एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत एकमेव गोल झाला. तो करणारा खेळाडू होता मुंबईकर राहुल भेके. त्या गोलने बेंगळुरूला आयएसएल करंडक मिळाला. मराठी वाचकांच्या दृष्टीने या क्लबच्या इतिहासातील हा सर्वांत जवळचा क्षण म्हणावा लागेल.

या यशासोबतच प्रेक्षकांची एक संस्कृतीही घडत गेली. अशोकनगर येथील जुन्या बेंगळुरू फुटबॉल स्टेडियमच्या पश्चिम गॅलरीत उभे राहणाऱ्या समर्थकांनी ‘वेस्ट ब्लॉक ब्ल्यूज’ हे नाव घेतले. संघ श्री कंठीरवा स्टेडियमवर गेला तेव्हा हे नावही सोबत गेले. संपूर्ण सामनाभर गाणी, ढोल आणि घोषणा हे दृश्य क्रिकेटचे वेड असलेल्या शहरात रुजले. यशवंतपूरसारख्या भागातून ग्रीन लाइनच्या मेट्रोने मॅजेस्टिक, तेथे गाडी बदलून कब्बन पार्क आणि पुढे पायी कंठीरवा, असा समर्थकांचा रस्ता ठरून गेला. कारखाने, घाऊक बाजार आणि रेल्वेच्या वर्दळीत जगणाऱ्या यशवंतपूरला परराज्यांतून आलेल्या कुटुंबांचे अप्रूप नाही. अशा बहुभाषी वस्तीत कानडी, तमिळ, मराठी, मल्याळी घरांतील तरुणांना एकाच निळ्या रंगाखाली आणणारी गोष्ट विरळाच.

उतरण नेमकी कुठे सुरू झाली?

क्लबच्या घसरणीची चर्चा करताना समर्थक बहुधा प्रशिक्षकांपासून सुरुवात करतात, आणि त्याला आधारही आहे. जुलै 2013 ते जानेवारी 2021 या साडेसात वर्षांत क्लबला तीन मुख्य प्रशिक्षक लाभले : अॅश्ली वेस्टवूड, अल्बर्ट रोका आणि कार्लेस क्वाद्रात. यांपैकी क्वाद्रात हे रोका यांचे सहायक होते. त्यामुळे खेळण्याच्या पद्धतीत सातत्य राहिले. जानेवारी 2021 मध्ये क्वाद्रात यांना दूर करण्यात आले. त्यानंतरच्या तीन वर्षांत नौशाद मूसा (हंगामी), मार्को पेझाउओली, सायमन ग्रेसन, रेनेडी सिंग (हंगामी) आणि जेरार्ड झारागोझा असे पाच जण त्या जागी आले. प्रत्येक नव्या प्रशिक्षकासोबत खेळाची मांडणी बदलते आणि जुन्या प्रशिक्षकाने निवडलेले खेळाडू नव्याला नकोसे होतात. संघबांधणीचा खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

या काळात ओळखीचे चेहरेही पांगले. भेके 2021 मध्ये मुंबई सिटीकडे गेला. आशिक कुरुनियन 2022 मध्ये कोलकात्याला, तर संदेश झिंगन आणि उदांता सिंग 2023 मध्ये गोव्याला गेले. भेके 2024 मध्ये परतला, ही त्यातली दिलाशाची बाब.

निकालांचे चित्र मात्र सरळ उतरणीचे नाही आणि समर्थकाची चिडचिड वाढवणारी गोष्ट नेमकी हीच आहे. 2020-21 मध्ये संघ सातवा, पुढच्या वर्षी सहावा आला. 2022 मध्ये ड्युरँड करंडक जिंकला. 2022-23 मध्ये संघाने अखेरच्या टप्प्यात सलग विजय मिळवत अंतिम फेरी गाठली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये करंडक गमावला. लगेच पुढच्या हंगामात 22 सामन्यांत अवघे पाच विजय मिळाले आणि 12 संघांत दहावे स्थान हाती आले. 2024-25 मध्ये पुन्हा उसळी : साखळीत तिसरे स्थान, बाद फेरीत मुंबई सिटीवर 5-0 असा विजय, उपांत्य फेरीत गोव्यावर मात आणि अंतिम सामन्यात मोहन बागानकडून जादा वेळेत 1-2 असा पराभव.

एका वर्षी अंतिम फेरी, दुसऱ्या वर्षी तळ, तिसऱ्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी. या चढउतारांत एक गोष्ट मात्र स्थिर राहिली : सुनील छेत्री. 2013 पासून क्लबचा चेहरा असलेल्या छेत्रीने वयाच्या चाळिशीत, 2024-25 च्या हंगामात 14 गोल केले. भारतीय खेळाडूंमध्ये ती सर्वोच्च संख्या होती. समर्थकांना त्याचा अभिमान वाटतो. त्याच वेळी चाळिशीतील आघाडीवीरावर अवलंबून असलेला क्लब उद्याची तयारी किती करतो आहे, असा प्रश्नही त्या आकड्यातूनच उभा राहतो. रोशन सिंग आणि विनीत वेंकटेश यांसारखे तरुण पुढे आले असल्याने या प्रश्नाचे उत्तर पूर्णपणे नकारार्थी नाही. तथापि तरुणांना घडवायला सलग हंगाम लागतात. 2025 च्या उन्हाळ्यात सलग हंगामाचीच शाश्वती संपली.

क्लबच्या हाती नसलेला करार

वेतन स्थगितीमागील कारण समजण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) डिसेंबर 2010 मध्ये आपले व्यावसायिक हक्क सुमारे 700 कोटी रुपयांना 15 वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्सला दिले. पुढे हे हक्क फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड (एफएसडीएल) या कंपनीकडे आले. या कंपनीने 2014 मध्ये आयएसएल सुरू केली. महासंघाला त्यापोटी अलीकडच्या काळात दरवर्षी 50 कोटी रुपये मिळत होते. लीग कंपनीने चालवायची, क्लबांनी संघ उभे करून शुल्क भरायचे आणि महासंघाने ठरलेली रक्कम घ्यायची, अशी ही रचना होती.

या कराराची मुदत 8 डिसेंबर 2025 रोजी संपणार होती. फुटबॉलचा हंगाम साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होऊन वसंत ऋतूपर्यंत चालतो. म्हणजे करार हंगामाच्या मध्यावरच संपणार, हे आधीपासून ठाऊक होते. नूतनीकरणाची बोलणी मात्र अडली. महासंघाच्या घटनेसंबंधीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होते आणि निकाल लागेपर्यंत नव्या अटींवर करार करू नये, असे महासंघाला सांगण्यात आले होते. करार नसताना पुढील हंगामाचे नियोजन करता येत नाही, असे कारण देत एफएसडीएलने 11 जुलै 2025 रोजी 2025-26 चा हंगाम स्थगित ठेवल्याचे कळवले. त्यानंतर साडेतीन आठवड्यांत बेंगळुरूचे निवेदन आले. ओडिशा आणि चेन्नईयिन या क्लबांनीही त्याच सुमारास मुख्य संघाचा कारभार थांबवण्याच्या दिशेने पावले टाकली.

न्यायालयाने 19 सप्टेंबर रोजी घटनेला मान्यता दिली. पुढच्या महिन्यात नव्या व्यावसायिक भागीदारासाठी निविदा काढण्यात आली. किमान हमी रक्कम वार्षिक 37.5 कोटी रुपये होती. 7 नोव्हेंबरची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरच्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबमधून आपला हिस्सा काढून घेतला. 2026 च्या जानेवारीच्या प्रारंभी छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, झिंगन यांच्यासह अनेक खेळाडूंनी ध्वनिचित्रफितीद्वारे थेट ‘फिफा’ला हस्तक्षेपाची विनंती केली. अखेर 6 जानेवारी 2026 रोजी केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी लीगची घोषणा केली : 14 फेब्रुवारीपासून प्रारंभ, 14 क्लब, एकूण 91 सामने. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला 13 सामने आले. आदल्या हंगामात ते 24 होते.

या घटनाक्रमात बेंगळुरूच्या प्रशिक्षकाची चूक नाही, आघाडीच्या फळीची नाही, एवढेच नव्हे तर मालकांचीही फारशी नाही. तरीही याचा फटका संघाला बसला. 41 वर्षांच्या खेळाडूच्या कारकिर्दीतील अर्धा हंगाम गेला. विशीतल्या खेळाडूच्या घडणीतील महत्त्वाचे महिने गेले. परदेशी खेळाडू व प्रशिक्षक यांच्यासमोर भारतात येण्याविषयीची शंका उभी राहिली.

शंभर टक्क्यांत शून्य

या गोंधळात एक प्रस्ताव चर्चेत आला होता. लीग चालवण्यासाठी एक कंपनी स्थापन करावी आणि तिच्यात क्लबांचा 60 टक्के, एफएसडीएलचा 26 टक्के आणि महासंघाचा 14 टक्के वाटा असावा, असे त्याचे स्वरूप प्रसिद्ध झाले. तो प्रत्यक्षात आला नाही. परंतु त्यातील आकड्यांची बेरीज बोलकी आहे. साठ, सव्वीस आणि चौदा मिळून शंभर होतात. ज्याच्या तिकिटावर, जर्सीवर आणि दूरचित्रवाणीसमोरील उपस्थितीवर या सगळ्याचे मूल्य ठरते, तो प्रेक्षक या बेरजेत कुठेच नाही.

मैदानाच्या बाबतीतही हेच घडते. कंठीरवा हे राज्य सरकारच्या मालकीचे अॅथलेटिक्स स्टेडियम आहे. तेथे फुटबॉल खेळण्यावरून क्लब आणि धावपटू-प्रशिक्षक यांच्यातील वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सरावाची हक्काची जागा जाते, ही धावपटूंची तक्रार अन्याय्य म्हणता येत नाही. घरचे मैदान अनिश्चित राहते, ही समर्थकांची चिंताही खोटी नाही. क्लबच्या स्थापनेला एक तप उलटून गेले, तरी शहरात त्याच्या स्वतःच्या मालकीचे मैदान नाही. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये आजही धावपट्टी आहे.

मालकांची बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. भारतातील बहुतेक व्यावसायिक फुटबॉल क्लब तोटा सहन करून चालवले जातात. जेएसडब्ल्यूने स्थापनेपासून हा क्लब सोडलेला नाही. विजयनगर येथे निवासी अकादमी उभारली आणि संकटकाळातही युवा विभागाला हात लावला नाही. मालकाचा पैसा नसता तर बेंगळुरूला हा संघच मिळाला नसता. त्यामुळे मालक हा खलनायक, असे सोपे चित्र रंगवता येत नाही. अडचण वेगळी आहे. मालक चांगला असला तर क्लब टिकतो आणि त्याचे मन बदलले तर क्लब संपतो. या दोन्ही शक्यतांमध्ये समर्थकाचे मत विचारात घेण्याची कोणतीही तरतूद नाही.

पुण्याची जागा दिल्लीत कशी पोहोचली?

ही भीती काल्पनिक नाही, हे महाराष्ट्रातील प्रेक्षकांना कुणी सांगावे लागणार नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. चारच वर्षांनी, 2010 मध्ये, कंपनीने संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता असलेला पंजाबचा जेसीटी क्लब 2011 मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा प्रवास 2015 मध्ये थांबला. गोव्यातील डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांनी 2016 मध्ये आय-लीगमधून माघार घेतली.

सर्वांत बोलके उदाहरण एफसी पुणे सिटीचे आहे. आयएसएलच्या पहिल्या हंगामापासून बालेवाडीत खेळणारा हा क्लब 2019 मध्ये बंद झाला. त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने 2021-22 मध्ये करंडकही जिंकला. नंतर तो क्लब आर्थिक अडचणीत सापडला आणि 2025 मध्ये तीच जागा स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत पोहोचली. कागदोपत्री ही एका परवान्याची वाटचाल आहे. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र दोन शहरांतील दोन पिढ्यांची निष्ठा यात निकाली निघाली. पुण्याच्या नारिंगी जर्सीतील मुलाला कुणी विचारले नाही आणि हैदराबादच्या पिवळ्या जर्सीतील मुलालाही नाही.

बेंगळुरूचा समर्थक आज ज्या अस्वस्थतेने आपल्या क्लबकडे पाहतो, तिच्या मुळाशी हा इतिहास आहे. दहावे स्थान सहन होते, कारण पुढच्या वर्षी तिसरे येता येते. क्लबच नाहीसा झाला तर पुढचे वर्ष येत नाही.

लीगच्या रचनेने क्रीडाविषयक उत्तरदायित्वही सैल केले आहे. 2019 मध्ये मान्य झालेल्या आराखड्यानुसार 2024-25 पासून तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण सुरू व्हायची होती. त्या हंगामात मोहम्मेडन स्पोर्टिंग शेवटच्या क्रमांकावर राहिला, पण घसरण लागू झाली नाही. तळाला जाण्याची भीती नसेल तर व्यवस्थापनावर दबाव कोणाचा? उत्तर एकच उरते : गॅलरीचा.

इतरत्र काय घडले?

गॅलरीचा दबाव संघटित असेल तर परिणाम होतो, याची उदाहरणे जगात आहेत. जर्मनीत 1998 पासून ‘पन्नास अधिक एक’ हा नियम आहे. क्लबच्या कंपनीत गुंतवणूकदार आला तरी मतदानाचे बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहावे, असा त्याचा अर्थ. डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगने प्रसारण उत्पन्नातील हिस्सा गुंतवणूकदाराला देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने खोळंबून ठेवले. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने ती योजना सोडून दिली.

इंग्लंडमध्ये एप्रिल 2021 मध्ये सहा मोठे क्लब ‘युरोपियन सुपर लीग’मध्ये सामील होत असल्याचे जाहीर झाले आणि समर्थक रस्त्यावर उतरल्यावर दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली. त्या अनुभवातून तेथे कायदा आला. जुलै 2025 मध्ये मंजुरी मिळालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला असून महत्त्वाच्या विषयांवर समर्थकांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक केले आहे. त्याआधी 2002 मध्ये विम्बल्डन क्लबला दुसऱ्या शहरात हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन हा क्लब स्थापन केला. खालच्या श्रेणीपासून चढत तो 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. पुण्यात जे होऊ शकले नाही ते तेथे घडले, कारण खालून वर चढण्याची शिडी शाबूत होती.

भारतातही एक पाऊल पडले आहे, तेही शेजारच्या केरळमध्ये. केरळ ब्लास्टर्सच्या व्यवस्थापनाविरुद्ध ‘मंजप्पडा’ या समर्थक गटाने डिसेंबर 2024 मध्ये उघड भूमिका घेतली आणि गट म्हणून तिकिटे न घेण्याचे ठरवले. पुढच्याच महिन्यात क्लबने समर्थकांचे सल्लागार मंडळ स्थापन करण्याची घोषणा केली. सल्लागार मंडळाला मतदानाचा अधिकार नसतो. तरीही प्रश्न विचारण्यासाठी एक अधिकृत ठिकाण मिळणे ही भारतीय फुटबॉलमध्ये नवी बाब आहे.

महाराष्ट्रात याहून जुने उदाहरण कोल्हापूरचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा संघ आणि पेठ यांच्यात फरक करता येत नाही. तेथील ईर्ष्या कधी कधी हुल्लडबाजीवर जाते, हे दोषही आहेत. परंतु संघाचे चुकले तर कारभाऱ्याला तालमीच्या दारात जाब विचारता येतो. पेठेतून संघ उचलून दुसऱ्या शहरात नेण्याची कल्पनाच तेथे कुणाला सुचणार नाही. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या व्यावसायिक क्लबला ही रचना जशीच्या तशी लागू होणार नाही. तिच्यातील तत्त्व मात्र लागू होऊ शकते.

आता काय व्हावे?

लीगची नवी व्यवस्था आकाराला येत असल्याने हा प्रश्न आजच विचारणे महत्त्वाचे आहे. करार पुन्हा दहा-पंधरा वर्षांसाठी झाला की त्यात नसलेली गोष्ट पुढील पिढीपर्यंत येणार नाही. खेळण्याचा परवाना देताना क्लबांना मैदान, युवा संघ, हिशेब यांविषयीच्या अटी घातल्या जातात. त्याच यादीत आणखी काही अटी बसू शकतात. क्लबचे नाव, रंग आणि शहर बदलण्यापूर्वी समर्थकांशी जाहीर सल्लामसलत व्हावी. वर्षातून किमान एकदा व्यवस्थापनाने समर्थकांच्या प्रतिनिधींसमोर क्लबची आर्थिक स्थिती आणि पुढील योजना मांडावी. क्लब बंद करायचा असेल तर पुरेशी पूर्वसूचना द्यावी आणि युवा खेळाडूंची सोय लावावी. समर्थकांशी संपर्क ठेवणारा अधिकारी नेमणे युरोपीय स्पर्धांतील क्लबांसाठी 2012-13 पासून परवान्याचा भाग आहे. यांपैकी कशासाठीही मालकाला आपला हिस्सा सोडावा लागत नाही.

समर्थकांनाही काही जबाबदारी घ्यावी लागेल. गाणी आणि ध्वज यांनी गॅलरी जिवंत राहते. पण बोलणी करण्यासाठी नोंदणीकृत संस्था, निवडलेले प्रतिनिधी आणि लेखी मागण्या लागतात. बेंगळुरूत समर्थकांचा संघटित गट क्लबइतकाच जुना असल्याने ही सुरुवात येथे होणे अधिक सोपे आहे. गट जेवढा जुना तेवढा त्याचा शब्द टाळणे अवघड.

तेरा सामन्यांचा हंगाम बेंगळुरूला कुठे नेईल, याचे उत्तर मैदान देईलच. यशवंतपूरहून मेट्रो पकडून कंठीरवाकडे जाणाऱ्या समर्थकाला त्या निकालाची सवय आहे. बारा वर्षांत त्याने विजेतेपद आणि दहावे स्थान दोन्ही पाहिले आहेत. पुढच्या वर्षीही आपला क्लब याच शहरात, याच नावाने, पूर्ण हंगाम खेळणार आहे का, एवढेच त्याला विचारायचे आहे. हा प्रश्न ज्याला विचारता येईल आणि ज्याला त्याचे उत्तर द्यावेच लागेल, असा कुणीतरी नव्या व्यवस्थेत असायला हवा.